नंबर न विचारणारं दुकान

गेले नऊ महिने मी वाकडी वाट करून घरी येत होते. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलं की सरळ रस्त्याने माझं घर बारा मिनिटांवर आहे. पण त्या सरळ रस्त्यावर बूटकाकांचं दुकान आहे, आणि माझ्या पायात त्यांच्या दुकानातले बूट नव्हते. म्हणून मी मागच्या गल्लीने, भंगारवाला आणि गॅरेजच्या मधून, कुत्री अंगावर घेत, वीस मिनिटं चालून घरी पोचायचे. बावन्न वर्षांची बाई, अठरा खाटांच्या वॉर्डची सिस्टर, भल्याभल्या डॉक्टरांना तोंडावर उत्तर देणारी, आणि एका बूटवाल्याला चुकवत फिरत होते.

तुम्ही म्हणाल, मान खाली घालून पुढे गेलं की झालं. तिथेच तर गोम आहे. बूटकाका माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, ते आधी पाय बघतात. सत्तरीला आलेला, काटकुळा, चष्मा कपाळावर चढवलेला हा माणूस दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेला असतो आणि रस्त्यावरून जाणारे पाय न्याहाळत असतो. कोणाचं नाव त्यांना आठवत नाही. बँकेतल्या मोठ्या बाई म्हणजे "त्या टाच बाहेरून झिजवणाऱ्या". शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे "ते अंगठा उचलून चालणारे". अशा माणसासमोरून दुसरीकडून घेतलेले बूट घालून जायचं म्हणजे चोरीचा माल अंगावर घालून चौकीसमोरून जायचं.

दुकान जेमतेम नऊ फूट रुंद. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, त्यांना टेकवलेली एक शिडी, मध्ये एक बाक. भिंतीच्या अगदी तळाशी एक आरसा, ज्यात फक्त पाय दिसतात. मागे पडदा, आणि पडद्याआड चामडं घासायचं यंत्र सारखं घुरघुरत असतं. तिथे तुम्हाला कोणी नंबर विचारत नाही. तुम्हीच सांगायला गेलात तर बूटकाका हात वर करून थांबवतात.

"नंबर माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त चालून दाखवा."

मग तुम्ही बाकापासून दारापर्यंत चालायचं, परत यायचं, आणि घरी जायचं. बूट आठ दिवसांनी. "बूट बसवायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. आठ दिवसांनी बूट हातात येतो तेव्हा त्याच्या तळव्यावरचा आणि आतला नंबर घासून काढलेला असतो. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "नंबर एकदा डोक्यात बसला की पाय बुटात बसत नाही." मला हे सगळे थेर वाटायचे. तरी पस्तीस वर्षं मी दुसरीकडे गेले नव्हते, कारण मला पहिल्यांदा तिथे माझ्या बाबांनी नेलं होतं.

ते सांगायला हवं. नऊ वर्षांची असताना मी जिन्यावरून पडले आणि डाव्या पायाची टाच मोडली. तीन महिने प्लास्टर. प्लास्टर निघालं, पण चाल बिघडली ती बिघडलीच. शाळेत मला "लंगडी" म्हणायचे. मीही काही गप्प बसणारी नव्हते, दोघींच्या वेण्या उपटल्याचं मला पक्कं आठवतं. सतराव्या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिथे काळे बूट लागायचे, म्हणून बाबांनी मला बूटकाकांकडे नेलं. बूटकाका तेव्हा पस्तिशीचे होते, पण तेव्हाही त्यांना सगळे काकाच म्हणायचे. आणि त्याच वर्षी माझी चाल सुधारली. मी मनाशी ठरवलं होतं ना, की वॉर्डात लंगडत जायचं नाही! जिद्दीने पाय सरळ केला मी. औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसती जिद्द.

ही गोष्ट मी गेली तीस वर्षं माझ्या प्रत्येक पेशंटला सांगत आलेय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला कोणी कुरकुर करत खाटेवर पडून राहिला की मी कमरेवर हात ठेवून उभी राहायचे. "माझ्याकडे बघा. लंगडी होते मी. आता सांगून खरं वाटतंय का? उठा!" बिचारे उठायचे. काही खरोखर जिद्दीने, काही माझ्या भीतीने.

बाबा छापखान्यात होते. अबोल माणूस. त्यांची एकच सवय मला सहन व्हायची नाही. ते माझ्याबरोबर कधी चालायचेच नाहीत, दहा पावलं मागे राहायचे. बाजारात जा, स्टेशनवर जा, मी पुढे आणि हे मागे. मी थांबून चिडायचे, "भरभर चला ना बाबा!" तर म्हणायचे, "तू हो पुढे, मी आलोच." त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

आता ते ऑनलाइन बुटांचं. त्याला माझी लेक कारणीभूत, म्हणजे तसं मी नऊ महिने सगळ्यांना सांगत होते. खरं तर कारणीभूत मीच. बूटकाका भाव कधी कमी करायचे नाहीत. "थोडे कमी करा की," म्हटलं तर म्हणायचे, "पाय थोडे कमी करून आणा, मग बघू." दर वर्षी तोच विनोद, दर वर्षी तेच हसणं, आणि दर वर्षी मी मनातल्या मनात धुसफुसत बाहेर पडायचे. गेल्या वर्षी लेकीने सोफ्यावर पडल्यापडल्या मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आई, हे बघ. तीच कंपनी, तेच बूट. जवळजवळ निम्म्या किमतीत. उद्या घरी."

"आणि आठ दिवस बसवायचं?"

"बूट काय वरण आहे का आई, कुकरमध्ये शिजवायला? घालायचा आणि चालायला लागायचं."

मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसले. अंदाजाने नंबर टाकला आणि दुसऱ्या दिवशी खोकं आलं. बुटावर आत, बाहेर, तळव्यावर ठसठशीत नंबर. पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा माझ्या बुटाला नंबर होता, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. उजवा पाय चावायला लागला. बूट परत केले, एक नंबर मोठे मागवले. आता उजवा खुशीत आणि डावा आत डुगडुगतोय. मी डाव्यात कापूस कोंबला. तो सरकून बोटांपाशी गोळा व्हायचा. मग मधला नंबर मागवला, तर दोन्ही पाय नाराज. खोकी आणणाऱ्या माणसाशी माझी इतकी ओळख झाली की तो दारातूनच ओरडायचा, "ताई, आज न्यायचंय का द्यायचंय?"

शेवटी मोठा नंबर ठेवून घेतला आणि कापसावर भागवलं. पण तीन-चार महिन्यांनी डावा गुडघा दुखायला लागला, मग कंबर. आमच्याच हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "वय झालं सिस्टर. झीज आहे थोडी." मी त्यांना दोन शब्द सुनावले, पण गोळ्या घेतल्या. आणि मग एके दिवशी वॉर्डातल्या काचेच्या दारात माझंच प्रतिबिंब समोरून येताना दिसलं. लंगडत होतं.

बाकीच्यांना ते आधीच दिसलं होतं. आमच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाई, मला शुक्रवारी केबिनमध्ये घेऊन बसल्या. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि स्वभावाने मऊ, म्हणून मला जास्तच राग आला.

"रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे," त्या म्हणाल्या. "खुर्चीवरचं काम. तुम्ही खूप वर्षं उभं राहिलात आता."

"मी बसायला आले नव्हते या नोकरीत."

"ताई, काल इंजेक्शनचा ट्रे घेऊन जाताना तुमचा तोल गेला. मी पाहिलं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सोमवारी सांगा. पण सांगा."

रेकॉर्ड रूम तळघरात आहे. तिथे फायली आहेत, झुरळं आहेत आणि निवृत्तीची वाट बघणारी दोन माणसं आहेत. वॉर्ड म्हणजे काय, हे मी कोणाला कसं सांगू? सकाळी मी आत शिरले की अठरा डोकी वळतात. कोणी तक्रार करतं, कोणी लाड करून घेतं. मी ओरडते, ते हसतात. ते सोडून फायलींवरची धूळ झटकायची या विचाराने मी त्या दिवशी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. नंतर तोंड धुतलं आणि सात नंबरच्या आजोबांना चालत नाहीत म्हणून झापलं. त्या दिवशी मात्र त्यांना माझी ती गोष्ट सांगितली नाही.

शनिवारी सकाळी लेक म्हणाली, "आई, आपण नंबरच चुकीचा घेत असू. इथे लिहिलंय, कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि मोजायचं." माझ्या काळजीने तिचाही जीव वरखाली होत होता. पोरीने तेवढ्यासाठी सुट्टीच्या दिवशी लवकर उठून कागद चिकटवून ठेवले होते. मी उभी राहिले. तिने पेन्सिल फिरवली, फुटपट्टी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तू हललीस."

"मी हलले नाही."

"हललीस गं, डावा लहान आलाय."

पुन्हा काढलं. पुन्हा डावा लहान. थोडाथोडका नाही, चांगला बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. आम्ही दोघी त्या कागदांकडे बघत बसलो. तीस वर्षं मी लोकांचे पाय उचलले, धुतले, बांधले, आणि स्वतःचे दोन पाय कधी शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

लेकीने माळ्यावरून माझे बूटकाकांकडचे जुने बूट खाली काढले. तिने ते तळव्याला तळवा लावून धरले आणि म्हणाली, "आई, हे दोन वेगवेगळ्या नंबरचे आहेत." मग डाव्यात हात घातला. आतल्या पट्टीखाली, टाचेपाशी, कॉर्कचा एक तुकडा चिकटवलेला होता. उजव्यात नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती तेव्हा माझी शब्दशः गेली. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं जुळलं. घासलेले नंबर! नंबर विचारू नका, म्हणे! जोड्या फुटलेला, उरलासुरला माल, एक या खोक्यातला, एक त्या खोक्यातला, आणि सैल पडू नये म्हणून आत तुकडे चिकटवायचे. पूर्ण किंमत घ्यायची आणि वर विनोद करायचे. पस्तीस वर्षं मला डावं-उजवं करत होता हा माणूस! त्या बेजोड बुटांनीच माझे पाय असे झाले असणार, असंही मी त्या रागात ठरवून टाकलं.

"आई, थांब, नीट विचार तर कर," लेक म्हणत होती. मी जुने बूट पिशवीत टाकले, पायात जे होते ते घालून जिना उतरले आणि नऊ महिन्यांनी सरळ रस्त्याला लागले.

बूटकाका दारात नव्हते, आत होते. बाकावर एक गिऱ्हाईक एका पायात मोजा आणि एका पायात बूट अशा अवस्थेत बसलं होतं. मी पिशवी बाकावर आपटली.

"हे काय आहे?" मी ओरडले. "एक लहान, एक मोठा! लाज नाही वाटली? माझे बाबा तुमच्यावर विश्वास ठेवून मला इथे घेऊन आले होते!"

बूटकाकांनी बुटांकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे तर नाहीच. ते माझ्या पायांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा वॉर्डात वाईट बातमी ऐकणाऱ्यांचा होतो तसा झाला.

"नऊ महिने," ते म्हणाले. "नऊ महिने याच्यावर चाललात तुम्ही?"

"मी काय विचारतेय!"

"ओरडा सिस्टर, पण बसून ओरडा." त्यांनी गिऱ्हाइकाला हाताने थोडं सरकवलं. मला बसवलं. सत्तर वर्षांचा माणूस गुडघे मोडून खाली बसला आणि त्याने माझे बूट काढले. डाव्यातला कापसाचा गोळा काढून त्यांनी बाकावर ठेवला. मग माझे दोन्ही पाय तळाच्या आरशासमोर शेजारी शेजारी ठेवले, टाचेला टाच लावून.

"हा तुमचा डावा. टाच मोडली तेव्हा याची वाढ थांबली. पाय लहान राहिला, आणि उंचीलाही एवढा कमी." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "मी केला नाही तो तसा. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच तसा होता."

"खोटं. माझा पाय बरा झाला. सतराव्या वर्षी..."

बोलता बोलता मी थांबले. सतराव्या वर्षी काय झालं होतं, ते मलाच ऐकू आलं.

"तुमचे वडील आदल्या दिवशी एकटे येऊन गेले होते," बूटकाका म्हणाले. "छापखान्याची शाई तशीच हाताला. म्हणाले, पोरगी उद्या येईल. दोन पायांना दोन नंबर द्या, आत काय घालायचं ते घाला, पण तिला कळता कामा नये. आजवर तिला सगळ्यांनी लंगडी म्हटलंय. आता वॉर्डात चालेल तेव्हा तिला वाटू दे, की ती स्वतःच्या जिद्दीने बरी झाली. मी म्हटलं, नंबर दिसेल की. तर म्हणाले, घासून टाका. एकीचाच घासला तर संशय येईल, म्हणून मी सगळ्यांचेच घासायला लागलो. आता सवयच झाली."

त्या गिऱ्हाइकाने हातातला बूट उलटा करून पाहिला. त्याचाही नंबर घासलेला होता.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. माझी जिद्द, माझी ती गोष्ट, तीस वर्षं पेशंटना ऐकवलेली, ती अशी एका कॉर्कच्या तुकड्यावर उभी होती. मला बाबांचा इतका राग आला, आणि त्यांची इतकी आठवण आली, की दोन्ही एकदमच डोळ्यांतून आलं. मी नाक पुसत म्हटलं, "म्हणजे मी जिद्दीने बरी झालेच नाही."

"बूट मी केला," बूटकाका म्हणाले. "पण पस्तीस वर्षं त्या वॉर्डात उभं कोण राहिलं? मी?"

तेवढ्यात लेक धापा टाकत दारात आली. आईने कोणाचा खून केला का, अशा नजरेने तिने आधी दुकानाकडे बघितलं, मग रडणाऱ्या माझ्याकडे. "काय झालं?" तिने विचारलं, आणि त्या गिऱ्हाइकाने, कोणी न सांगता, तिला हळू आवाजात सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो माणूस अजूनही एका पायात मोजा घालून बसला होता, पण उठायचं नाव घेत नव्हता.

लेक हिशोबी डोक्याची. डोळे पुसून झाल्यावर तिचा पहिला प्रश्न आला. "पण मग उरलेले? एका नंबरचा डावा घेतला, दुसऱ्याचा उजवा घेतला. म्हणजे आईच्या एका जोडीसाठी तुम्ही दोन जोड्या फोडत होतात?"

बूटकाकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "पोस्टात एक बाई होत्या. त्यांचे पाय सिस्टरांच्या बरोब्बर उलट. वीस वर्षं त्या होत्या, तोवर काही वाया गेलं नाही. मग त्यांची बदली झाली."

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. पण वीस वर्षं आम्ही दोघी त्याच दोन जोड्या वाटून घालत होतो.

"आणि बदली झाल्यानंतर?" लेकीने विचारलं. बूटकाकांनी नुसतं वर पाहिलं. शिडीच्या टोकाशी, छताला लागून, खोक्यांची एक अख्खी रांग होती. लेक शिडीवर चढली, एक खोकं उघडलं, मग दुसरं, तिसरं. प्रत्येकात एक डावा मोठा, एक उजवा लहान. काळे, कोरे, कधीच कोणी न घातलेले. आणि याच माणसाकडे मी दर वर्षी भाव कमी करा म्हणून हटून बसत होते! मला जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

"मला सांगायला हवं होतं हो तुम्ही," मी म्हटलं. "बाबा गेल्यावर तरी."

"शब्द त्यांना दिला होता. ते गेले म्हणून शब्द जातो का?" ते उठायचा प्रयत्न करत म्हणाले, तेव्हा मी आणि लेकीने त्यांना दोन्हीकडून धरलं. "ते होते तोवर दर वर्षी आदल्या दिवशी येऊन सांगायचे. वर्षभर तुमच्या मागून चालून बघून ठेवायचे ना. डावी टाच आत वळतेय, उजवा खांदा पडतोय. त्याप्रमाणे मी कॉर्क कमी-जास्त करायचो. ते गेल्यावर मला कोण सांगणार? म्हणून मग मी स्टूल दारात आणून ठेवलं. तुम्ही रोज समोरून जायचात, मी बघून घ्यायचो. मग एकदम दिसेनाशा झालात."

मी कुठून जात होते ते मी सांगितलं. भंगारवाला, गॅरेज, कुत्री, सगळं. बूटकाका हसले नाहीत, चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बूट कुठूनही घ्या. मोबाइलवरून घ्या, मॉलमधून घ्या, मी काय जगाला पुरणार आहे? पण पाय इकडे दाखवायला काय झालं होतं? त्या बुटातसुद्धा मी कॉर्क बसवून दिला असता!"

मला वाटत होतं, हा माणूस माझ्या पायात कोणाचा माल आहे ते बघतोय. तो नुसता पाय बघत होता.

पडद्याआड जाऊन त्यांनी एक खोकं आणलं. त्यावर धूळ होती. गेल्या वर्षीच, माझी वेळ झाली म्हणून, मी येईन या हिशोबाने त्यांनी बूट बसवून ठेवले होते. खोक्यावर माझं नाव नव्हतं, ते त्यांना अजूनही ठाऊक नसावं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, "छापखाना, मुलगी".

मी बूट चढवले. बाकापासून दारापर्यंत गेले, परत आले. पाय एकही शब्द बोलला नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला तसं लगेच काय कळणार, पण खांदे आपोआप सरळ झाले आणि तळाच्या आरशात दोन पाय सारखे पडताना दिसले.

"झीज आहे ती आहेच," बूटकाका म्हणाले. "महिनाभर जपून चाला. पण उभ्या राहाल."

लेकीने पैसे द्यायला मोबाइल काढला. मी या खेपेला भाव केला नाही. तर तेच म्हणाले, "काय हो, आज कमी करा नाही म्हणालात?" मी म्हटलं, "पाय कमीच आहे ना एक." मग मात्र ते हसले, आणि ते गिऱ्हाईकही. त्याने त्याच दिवशी आणखी दोन जोड्या सांगून ठेवल्या.

आम्ही निघालो. बूटकाका दारात येऊन स्टुलावर बसले. मी सरळ रस्त्याने, दुपारच्या उन्हात, दुकानांसमोरून चालायला लागले. सोमवारी मेट्रनबाईंना काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. तळघरातली खुर्ची ज्याला हवी त्याला द्या, मी वॉर्ड सोडत नाही. महिनाभर दुपारची पाळी अर्धी करा, मग बघा. आणि सात नंबरच्या आजोबांना ती गोष्ट पुन्हा सांगायची, या वेळी खरी. जिद्द होतीच, पण माझी एकटीची नव्हती, हे त्यांना सांगायचं. मी बडबडत होते, लेकीला ऐकवत होते, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या बाजूला कोणी नाही.

लेक मागे राहिली होती. चांगली दहा पावलं. मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे, आणि नजर माझ्या टाचांवर.

"चल की भरभर," मी म्हटलं. "काय करतेयस मागे?"

"काही नाही गं आई," ती म्हणाली. "तू हो पुढे, मी आलेच."

मी परत मागे वळून पाहिलं नाही. डोळे भरले होते, पण पाय नीट पडले पाहिजेत म्हणून समोर बघत सरळ चालत राहिले.